पायपुसण्यावरचं अक्षर

सकाळी साडेआठला ताईच्या स्वयंपाकघरात दूध चार मिनिटं उशिरा धावत होतं. असं तिच्या नवऱ्याचं म्हणणं. तीस वर्षं तो बसडेपोत वेळापत्रकं आखत आला. निवृत्त झाल्यावर डेपो सुटला, सवय कुठली सुटायला! चहा, आंघोळ, पेपर, कुंड्यांना पाणी, सगळ्याला त्याने वेळा लावून दिल्या होत्या आणि तो तक्ता फ्रिजच्या दारावर चिकटवला होता. ताई येता-जाता त्याला ओला हात पुसायची.

"आठ सव्वीसला वर यायला हवं होतं," तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला.

"मग मेमो द्या त्याला. मी सही करते."

"तू गॅस बारीक ठेवतेस. मुळात तिथेच..."

तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल आठवडाभर बंद होती. तिची दुरुस्ती तक्त्यात अजून बसली नव्हती. थाप पुन्हा पडली, या वेळी जरा चिडून. नवरा गेला, सही केली आणि हातात एक जाडजूड गुंडाळी घेऊन आला. खाकी कागद, वरून कंपनीच्या नावाची चिकटपट्टी.

"तुझ्या भाडेकरूंकडून आलंय," तो म्हणाला.

ही त्याची जुनी चेष्टा. ताई चित्रं काढायची, पण विकायची नाही. घरसजावटीच्या आणि भेटवस्तूंच्या कंपन्यांना ती वापरायला द्यायची. चित्र तिचं तिच्याकडेच. कंपनीला फक्त ठरावीक वर्षं, ठरावीक वस्तूंवर छापायची परवानगी. कप, उशांचे अभ्रे, पडदे, टेबलावरचे रुमाल, भेटीचे डबे. पंचवीस वर्षं तिने हेच केलं होतं. लोकांच्या घरात तिची फुलं भिंतीवर चढली, ताटाखाली बसली, अंगावर पांघरली गेली, आणि ती कोणी काढली हे एकालाही ठाऊक नव्हतं. ताईला त्याचं काही वाटायचं नाही. "घरात राहणाऱ्याला कशाला सांगायचं, वीट कोणी भाजली?" असं ती म्हणायची. त्यावर नवरा म्हणायचा, "म्हणजे तू घरमालकीण. फुलांना भाडेकरू मिळवून देणारी."

वस्तू बाजारात आली की करारानुसार दोन नग चित्रकाराला फुकट येत. तेच आले असणार. ताईने सुरीने चिकटपट्टी कापली आणि गुंडाळी ओट्यावर सोडली. आत जाड काथ्याची दोन पायपुसणी होती, मागच्या बाजूला रबर. एकावर एक ठेवलेली. वरच्या पायपुसण्यावर डाव्या कोपऱ्यात कोंबडी, मान वाकडी करून बघणारी, आणि तिच्या शेजारी मोठ्या काळ्या अक्षरांत दोन शब्द:

आलीस का?

दूध उतू गेलं. नवऱ्याने गॅस बंद केला.

ते अक्षर ताईच्या धाकट्या बहिणीचं होतं. धाकटीला जाऊन आठ महिने झाले होते.

धाकटी इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. सव्वीस वर्षं. दिवसभर लोक रडत, ओरडत, शिव्या घालत फोन करायचे आणि ती त्यांना योग्य त्या खोलीत नेऊन सोडायची. आवाज असा, की समोरचा माणूस दोन वाक्यांत खाली बसायचा. लग्न केलं नाही. का नाही, असं कोणी विचारलं की म्हणायची, "दिवसभर सगळ्यांची लाईन जोडते, आपली जोडायला वेळ कुणाला!" मग घशात गाठ निघाली. शेवटच्या वर्षी ती ताईकडे राहायला आली. बाहेरच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला, तोंड दाराकडे. दारात किल्ली फिरली की पलंगावरून आवाज यायचा, "आलीस का?" ताई भाजी घेऊन आली तरी, औषध घेऊन आली तरी, नुसता कचरा टाकून आली तरी. "नाही, अजून खालीच आहे," ताई ओरडून सांगायची, आणि दोघी हसायच्या.

कोंबडीची गोष्ट तिथलीच. ताई पलंगाजवळ टेबल ओढून काम करत बसायची आणि धाकटी पडल्या पडल्या शेरे मारायची.

"ताई, तुझी गुलाबं अशी बसलीत, जशी काही ओळखपत्रासाठी फोटो काढून घेतायत."

"तू काढ मग."

"दे इकडे कागद."

चित्रकलेत धाकटी शाळेपासून शून्य. पण तिने पेन्सिलीच्या तुकड्याने एक कोंबडी काढली. मान तिरकी, डोळा वटारलेला, पोटाखाली काटकुळे पाय. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकदमच म्हणाल्या, "आत्या!" निकालाचा कागद हातात घेतल्यावर आत्या अगदी अशीच बघायची. त्यानंतर धाकटीने कोंबड्यांचा सपाटाच लावला. पाठमोरी आत्या, पावसात भिजलेली आत्या, अंड्यावर बसून पस्तावलेली आत्या. चौदा झाल्या. ताईने त्या स्कॅन केल्या, रंगवल्या, त्यांना शोभतील असे ठिपके आणि चौकडी काढली आणि एजंटबाईकडे पाठवल्या. एजंटबाई म्हणजे ताईची चित्रं कंपन्यांना दाखवणारी, करार बघणारी बाई. ताईपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलायला फटाकडी.

तिचा फोन आला. "ताई, कोंबड्या कमाल आहेत! पण फाइलीचं नाव 'आत्या सात' का?"

"तुला नाही कळायचं. ते घराणं आहे."

कराराबरोबर वस्तूंची यादी आली. कशाकशावर छापायची परवानगी देताय, तिथे खूण करायची. ती यादी दोघींनी पलंगावर बसून भरली. तोवर धाकटीचा आवाज घोगरा होऊन निम्म्यावर आला होता.

"कप?" ताईने विचारलं.

"हो."

"ॲप्रन?"

"हो. आत्याला आवडेल. पुढेपुढे करायची सवयच होती तिला."

"पायपुसणं?"

धाकटी हसायला लागली, हसता हसता खोकली, पाणी प्यायली आणि पुन्हा हसली. "लोक आत्यावर पाय पुसतील गं! कर, कर, खूण कर. मोठी कर." आणि तिने ताईच्या हातातलं पेन घेऊन ती खूण स्वतःच केली.

पुढे आवाज पूर्ण गेला. एक दिवस ताईला इस्पितळातून रिपोर्ट आणायला उशीर झाला, दोन तासांनी ती परतली. दार उघडलं तर पलंगावरून काहीच आवाज नाही. आत जाऊन बघते तर धाकटी उशीला टेकून बसलेली आणि तिने एक कागद दोन्ही हातांनी छातीवर धरलेला. त्यावर तिरकी बघणारी आत्या, आणि खाली लिहिलेलं, आलीस का? हात कापत होता, म्हणून अक्षरही कापरं. त्यानंतर दर वेळी दार उघडलं की तो कागद वर व्हायचा.

पंधरावी आत्या ती. सगळ्यांत झकास जमलेली. ताईने तीही संग्रहात घेतली. आता ताईच्या कामाची एक शिस्त होती, आणि त्या शिस्तीचा तिला अभिमान होता. संगणकावर ती चित्रातला प्रत्येक भाग वेगळ्या थरावर ठेवायची, एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखा. कोंबडी एका थरावर, गवत दुसऱ्यावर, ठिपके तिसऱ्यावर. म्हणजे कारखान्यातल्या माणसाला हवं ते हलवता येतं. दुसरे चित्रकार सगळं एकात एक चिकटवून पाठवतात आणि मग फोनाफोनी होते. ताईच्या फाइलीला कधी फोन आला नव्हता. तर त्या कागदावरचं अक्षर तिने कोंबडीपासून नीट सोडवलं आणि वेगळ्या थरावर ठेवलं. ते पाठवायचं नव्हतंच. पुसून टाकायचं होतं. बोट त्या बटणावर गेलं आणि तिच्याने पुसवेना. शेजारच्या खोलीत ती जिवंत असताना तिचं अक्षर पुसायचं? थराशेजारी एक छोटा डोळा असतो. तो मिटला की थर दिसेनासा होतो, फाइलीत मात्र राहतो. ताईने तो डोळा मिटला आणि फाइल पाठवून दिली.

कंपनीतल्या कोणीतरी तो उघडला.

"ही पायपुसणी अशी कशी काढली त्यांनी? न विचारता?" नवरा आता ओट्यावरचं दूध पुसत होता, तेही चुकीच्या फडक्याने.

"विचारलं असेल," ताई म्हणाली. तिच्या आवाजात काहीच नव्हतं.

तिने संगणकावरचं टपाल उघडून पाहिलं. विचारलं होतं. वस्तूचं चित्र पाठवून, नम्रपणे: दहा दिवसांत आपलं उत्तर आलं नाही तर मंजुरी आहे असं समजू. सोबत एक ओळ होती, फाइलीतले शब्द आम्हा सगळ्यांना फार आवडले. तारीख धाकटी गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्या दहा दिवसांत ताईने दात घासले होते की नाही तेही तिला आठवत नव्हतं.

"पण यादीत खूण तिनेच केली ना?" नवरा चाचरत म्हणाला. "तिला गंमत वाटली असती, अगं."

"कोंबडीची खूण केली तिने. कोंबडीवर खुशाल नाचू दे लोकांना. हे..." ताईने अक्षरांवरून बोट फिरवलं, काथ्या बोटाला टोचला. "हे चित्र नाहीये हो. हे ती मला म्हणायची."

एजंटबाईने फोन पहिल्याच घंटेला उचलला आणि ताईने तोंड उघडायच्या आत सुरू झाली. "ताई, मीच करणार होते! अहो, पळतायत पायपुसणी! पहिली खेप दुकानातून संपत आलीय, दुसरीची छपाई सोमवारी. कप पडलेत, ॲप्रन पडलेत, हे मात्र..."

"ते अक्षर माझ्या बहिणीचं आहे."

"मला वाटलं तुम्हीच मुद्दाम लहान मुलासारखं काढलंय," एजंटबाई हळूच म्हणाली. मग काय झालं ते ताईने सांगितलं. ऐकता ऐकता तिकडे नाक ओढल्याचा आवाज आला. पण ती आपल्या कामात मुरलेली बाई होती. "ताई, खरं सांगू? करार त्यांच्या बाजूने आहे. फाइलीत जे आलं ते सगळं चित्रच धरतात. आणि शब्द काढा म्हटलं तर ते ऐकणार नाहीत, कारण लोक शब्दांसाठीच घेतायत. कंपनीची बाई मला काय म्हणाली माहितीय? अक्षरातला तो थरथराट आहे ना, तोच गोड वाटतो."

"गोड," ताई म्हणाली.

"मी चुकीचं बोलले. सॉरी, ताई."

"तू नाही गं चुकलीस. दुकान कुठलं?"

दुकान दोन चौक पलीकडे होतं. दुपारी नवरा म्हणाला मीही येतो, आणि तक्त्यात ती वेळ कुंड्यांची होती याचा विषय दोघांनीही काढला नाही. भेटवस्तूंचं लहानसं दुकान. काचेत मेणबत्त्या, फोटोच्या चौकटी, दोरीला टांगलेले कप. आणि दाराच्या मधोमध, लोकांनी बघावं म्हणून, एक पायपुसणं पसरलेलं. पंधरवडाभर तरी तिथेच असावं. 'आ'ची कानाकडची बाजू झिजून राखाडी झाली होती.

ताई त्याच्या अलीकडे थांबली.

कॉलेजातल्या दोन मुली आल्या. एकीने वाचलं, "आलीस का?" दुसरी म्हणाली, "आले बाई, आले!" आणि खिदळत दोघींनी बूट पुसले, चांगले दोन-दोनदा. त्यांच्या मागून एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी वाचलंही नाही, काठी टेकवली ती नेमकी प्रश्नचिन्हावर. मग एक बाई बाबागाडी घेऊन. चाकं वरून गेली.

यातलं कुणीच वाईट वागत नव्हतं. पायपुसण्यावर पाय पुसत होते, दुसरं काय करणार? ताईला कुणावर रागावताही येईना.

दुकानदारीण आतून म्हणाली, "या ना, बाहेर का उभ्या?"

"ते... जरा बाजूला घेता का?"

"पायपुसणं? अहो, त्याच्यासाठीच आहे ते. या बिनधास्त, खराब नाही होत. रबर आहे खाली."

नवरा खाली वाकला. गुडघा कुरकुरला, तरी वाकला, आणि दोन्ही हातांनी ते पायपुसणं उचलून भिंतीला उभं टेकवलं. दुकानदारीण बघतच राहिली. मग त्याने विचारलं, "अशी किती आहेत तुमच्याकडे?"

"सहा राहिलीत."

"सगळी द्या."

"अहो," ताई म्हणाली, "वेड लागलंय का? सहा घ्याल, सोमवारी हजारो छापतील. गावभर फिरणार आहात का उचलत?"

"फिरेन," तो म्हणाला. "मला काय काम आहे?" आणि मग त्याचा चेहरा असा झाला, की ताईने त्याची बाही धरली आणि त्याला घरी आणलं. धाकटी त्याला भाऊजी म्हणायची आणि त्याच्या वेळापत्रकात दररोज एक खोटी बस घुसवायची, 'पाच दहाची आत्या, थांबे नाहीत', आणि तो ती खोडायचा नाही, हे ताईला तेव्हा आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती टेबलाशी बसली. शब्द काढायला कंपनी तयार होणार नाही, ठीक. शब्द तसे कुणाचेही आहेत, घरोघर म्हणतात. तिने ब्रश घेतला आणि तेच दोन शब्द लिहिले. एकदा, दहादा, तीसदा. पंचवीस वर्षं गिरवलेला हात. अक्षरं आली ती पाटीवर रंगवल्यासारखी, एकसारखी, पाठ ताठ. नवऱ्याने मागून डोकावून पाहिलं.

"हे 'आत येण्यास मनाई आहे' असं दिसतंय," तो म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. असलं अक्षर कोणी दारात ठेवणार नाही आणि कंपनी दोन मिनिटांत परत पाठवेल. त्यांना थरथराट हवा होता.

ताईने ब्रश डाव्या हातात घेतला. डाव्या हाताला काहीच येत नव्हतं. 'आ' कलंडला, 'ली'ची वेलांटी भलतीकडे गेली, 'का' धापा टाकत पोचला. तिने पुन्हा लिहिलं. दुपारपर्यंत खोलीभर कागद वाळत पडले होते, पलंगावरसुद्धा. त्या पलंगावर आठ महिन्यांत कोणी काही ठेवलं नव्हतं. त्यातला एक तिने निवडला. वेडावाकडा होता, बरा होता. धाकटीच्या अक्षराशी त्याचं काही साम्य नव्हतं, हे तिने मूळ कागद शेजारी ठेवून तीनदा तपासलं.

नवरा चहा घेऊन आला. कप ठेवला, निवडलेला कागद उचलून लांब धरून पाहिला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"मग लोक हे तुडवणार," तो म्हणाला.

"हो."

"तुझं."

"माझं तुडवू देत. चहात साखर विसरलात."

तिने तो कागद स्कॅन केला, अक्षर एका थरावर, दुसरं काही नाही. मिटलेला डोळा कुठे राहिला नाही ना, ते दोनदा बघितलं. फाइल पाठवली. एजंटबाईने सांगितलं, की छपाईचा साचा बदलायला कंपनीला एक अख्खा दिवस घालवावा लागेल, ती का घालवेल? "तुम्ही स्वतः बोला, ताई. माझं बोलणं धंद्याचं वाटतं." आणि तिने वस्तूंचं काम बघणाऱ्या बाईंचा नंबर दिला.

नंबर फिरवायला ताईला तासभर लागला. तीनदा अर्ध्यात ठेवला. एकदा वाटलं, चांगली मोठी सुरुवात करावी. धाकटीचं इस्पितळ, तिचा आवाज, गाठ, सगळं. मग वाटलं, सव्वीस वर्षं लोक तिला फोनवर अशाच मोठ्या सुरुवाती ऐकवायचे आणि ती म्हणायची, "आधी सांगा, कुणाशी बोलायचंय?"

फोन लागला. पलीकडच्या बाई घाईत होत्या पण सभ्य होत्या. मागे कुठेतरी यंत्राची घरघर चालली होती. ताईने आपण कोण ते सांगितलं.

"अय्या, कोंबडीवाल्या तुम्ही? आमच्याकडे सगळे खूश आहेत हो. बोला ना, काय करू शकते मी तुमच्यासाठी?"

"तुमच्याकडे आज एक फाइल आलीय माझी," ताई म्हणाली. "दुसऱ्या खेपेसाठी. कोंबडी तीच राहू द्या. शब्दही तेच राहू द्या. फक्त आत्ता जे अक्षर आहे ते माझ्या बहिणीचं आहे. ते काढा आणि त्या जागी माझं घाला."